‘शंभर टक्के फंडेड पीएचडी’चं पॅकेज आणि फुकटातली पोर्टल्स : जळगावहून रिव्ह्यू

रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे जळगावातली एक कन्सल्टन्सी, जी "फिजिक्स आणि कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये शंभर टक्के फंडेड पीएचडी, परदेशात" असं पॅकेज विकते. नाव लिहीत नाही, विचारू पण नका. दुसरं म्हणजे ती पोर्टल्स जिथून ही मंडळी लिस्ट उचलतात आणि जी आपण घरी बसून मोबाईलच्या डेटावर फुकटात उघडू शकतो.

मी स्वतः रावेर-यावल पट्ट्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर फिजिक्स शिकवते. सीएचबी म्हणजे तासाचे पैसे, ते पण बिल पास होईल तेव्हा, त्यामुळे पगार कोण देणार, कधी देणार आणि किती महिने देणार ह्या विषयातला माझा अभ्यास दांडगा आहे. माझा मावसभाऊ एमएस्सी फिजिक्स करून घरी आहे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याने डीएफटीवर (मटेरियलमधल्या इलेक्ट्रॉनचा कॉम्प्युटरवर हिशेब करायची पद्धत) केला, क्वांटम एस्प्रेसो नावाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर रात्ररात्र चालवून, आणि आता त्याला कॉम्प्युटेशनलमध्येच पुढे जायचंय. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो, केळीवाले. डीएफटी काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची हौस पण नाही, पण कन्सल्टन्सीच्या ऑफिसात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मंग पैसा कोन देई?" समोरच्या मॅडम हसल्या, "काका, हंड्रेड पर्सेंट फंडेड आहे ना!" आता हे काही उत्तर नाही झालं. फंडेड आहे तर फंड करतंय कोण, युनिव्हर्सिटी, तिथलं सरकार, प्रोफेसरचा प्रोजेक्ट, का तुम्हीच? खालचा सगळा रिव्ह्यू मी आबांच्या ह्या प्रश्नावरच केलाय. जिथे उत्तर लवकर आणि स्पष्ट मिळतं त्याला जास्त मार्क, बस.

आधी कन्सल्टन्सी. ऑफिस एकदम झकास, दुसरा मजला, एसी, भिंतीवर आयफेल टॉवर. मे महिन्याच्या जळगावातून तिथे आत शिरलं की माणूस निम्मा तिथेच राजी होतो. पॅकेज तीन हप्त्यांत, पहिला "प्रोफाइल इव्हॅल्युएशन आणि शॉर्टलिस्ट"चा, दुसरा एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन) आणि प्रोफेसरांना मेल करण्याचा, तिसरा ऑफर आल्यावर. सगळं मिळून पन्नास हजारांच्या घरात. भावाने पहिला हप्ता भरून टाकला होता, मी सोबत गेले ते लिस्ट घ्यायला. लिस्ट म्हणजे स्पायरल बाइंडिंगची फाइल, वर प्लास्टिकचं कव्हर, आत त्याचं नाव सोनेरी अक्षरात.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून ती फाइल मी पानापानाने बघितली. पहिल्याच पानावर इंग्लंडमधला एक प्रोजेक्ट, मटेरियल्ससाठी मशीन लर्निंग वगैरे, वाचून भाऊ खूश, आणि प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरात लिहिलेलं, "सेल्फ-फंडेड पीएचडी स्टुडंट्स ओन्ली". म्हणजे फी तुमची, खाणं तुमचं, भाडं तुमचं! पुढच्या एका पानावर "फंडेड पीएचडी प्रोजेक्ट, यूके स्टुडंट्स ओन्ली", म्हणजे पैसे आहेत पण आपल्याला नाहीत. एक हॉलंडची जागा चांगली होती, खरोखर चांगली, पण तिची तारीख फाइल छापायच्या आधीच उलटून गेलेली. आणि शेवटी दोन ठिकाणं पीएचडीची नव्हतीच, एक वर्षाचं एमएस्सी, तगडी फी, शेजारी पेनाने लिहिलेलं "पाथवे टू पीएचडी". ज्या पोरानं एमएस्सी केलंय त्याला पुन्हा एमएस्सी.

हे असं का होतं ते जरा नीट सांगते कारण ह्यात त्या मॅडमचा वैयक्तिक दोष कमी आणि धंद्याचा जास्त आहे. फी भरून शिकणारा पोरगा पाठवला की परदेशातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या एजंटला कमिशन देतात. पण युरोपात पगारी पीएचडी म्हणजे नोकरी असते, त्यात युनिव्हर्सिटीच पोराला पैसे देते, फी येतच नाही तर एजंटला कशातून देणार? म्हणजे एजंटला जिथे फायदा तिथे आपल्याला खर्च आणि आपल्याला फायदा तिथे एजंटला शून्य. मग तो तुम्हाला कुठे ढकलणार ते उघड आहे. राहिला प्रश्न लिस्टचा, तर ती पूर्णच्या पूर्ण पब्लिक पोर्टलवरची, वरचा लोगो तेवढा कापलेला. तापीचं पाणी बाटलीत भरून तापीकाठच्याच माणसाला विकायचं, त्यातला प्रकार.

चांगलं काय ते पण लिहिते नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. आयईएलटीएस कुठे द्यायची, पासपोर्टचं काय, मार्कशीट-ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून कशी काढायची, हे त्यांनी एकदम बरोबर सांगितलं, तिथला एक पोरगा आहे तो खरंच हुशार आहे आणि फोन उचलतो. तेवढंच काम त्यांनी दोन-तीन हजारात केलं तर मी स्वतः पोरं पाठवीन. पण पॅकेज म्हणून, पाचात दीड.

आता पोर्टल्स.

युरॅक्सेसपासून सुरुवात करते. हे युरोपियन कमिशनचं आहे, एक पैसा लागत नाही, जाहिराती बघायला लॉगिन पण लागत नाही. दिसायला सरकारी साईटसारखंच दिसतं, रटाळ निळं, आणि नुसतं "फिजिक्स" टाकून सर्च मारला तर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची रिसर्चची नोकरी), प्रोफेसर, टेक्निशियन सगळं एकत्र अंगावर येतं आणि माणूस पाच मिनिटांत बंद करतो. पण डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये जीव आहे. तिथे रिसर्चर प्रोफाइल असतं आर वन ते आर फोर, आर वन म्हणजे फर्स्ट स्टेज रिसर्चर, आपल्यासारखे एमएस्सी झालेले सगळे ह्यात. आर वन टिक करा, फील्डमध्ये फिजिक्स आणि त्याच्या आत कॉम्प्युटेशनल फिजिक्स, कंडेन्स्ड मॅटर जे असेल ते, आणि एक गोष्ट लोक विसरतात, कॉम्प्युटर सायन्स आणि केमिस्ट्रीत पण तेच सर्च करून बघा, कारण मॉलेक्युलर डायनॅमिक्सची जागा कधी केमिस्ट्रीत टाकलेली असते, कधी इंजिनिअरिंगमध्ये, टाकणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

जाहिरात उघडली की वरचं प्रोजेक्टचं गोडगोड वर्णन सोडून द्या, थेट खाली जा. खालून वर वाचायची सवय लावा. फंडिंग प्रोग्राम काय लिहिलंय, कॉन्ट्रॅक्ट टेम्पररी आहे का पर्मनंट (पीएचडी टेम्पररीच असते, घाबरू नका), आठवड्याचे तास किती, सुरू कधी होणार, डेडलाइन कोणती. डेडलाइनच्या पुढे टाइम झोन लिहिलेला असतो, रात्री 23:59 युरोपची वेळ, आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे आपल्याकडे पहाट होईपर्यंत वेळ असतो. हा फायदा आहे पण त्या भरवशावर बसू नका, आमच्या भागात लाइट कधी जाईल ते महावितरणला पण माहीत नसतं.

युरॅक्सेसवर एक शब्द दिसला की थांबायचं, एमएससीए, म्हणजे मारी स्क्लोडोव्स्का क्युरी ॲक्शन्स. ह्यातल्या डॉक्टरल नेटवर्कच्या जागा मला सगळ्यात आवडल्या कारण आबांच्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीतच लिहिलेलं असतं. पैसा युरोपियन युनियनचा, हातात येतो तो युनिव्हर्सिटीच्या कॉन्ट्रॅक्टने. 2021-22 च्या कामाच्या आराखड्यात लिव्हिंग अलाउन्स महिन्याला 3,400 युरो आणि वर मोबिलिटी अलाउन्स 600 युरो होता. पण हा आकडा बघून लगेच पेढे वाटू नका, त्याला देशाप्रमाणे महागाईचा गुणक लागतो आणि त्यातून एम्प्लॉयरचा वाटा, टॅक्स, इन्शुरन्स सगळं कापून मग हातात येतं, म्हणून इंटरव्ह्यूत "नेट किती" हे सरळ विचारायचं, तिकडे असं विचारलेलं कुणाला वाईट वाटत नाही. नॅशनॅलिटीची अट नाही, कुठल्याही देशाचा चालतो, आधी पीएचडी झालेली नको. बाकी अट एकच, मोबिलिटीची, ज्या देशात जायचंय तिथे भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. आता जो पोरगा भुसावळ जंक्शनवरून पुण्यापलीकडे गेलाच नाही त्याला ही अट म्हणजे आयते मार्क! आयुष्यात पहिल्यांदा कुठे न गेल्याचा फायदा झाला असं भाऊ म्हणाला.

युरॅक्सेसची कमतरता म्हणजे जाहिरात टाकणाऱ्यावर सगळं अवलंबून, कुणी पगार स्पष्ट लिहितो, कुणी "नियमानुसार" लिहून मोकळा, आपल्याकडच्या "मानधन शासन निर्णयानुसार" सारखं. तरी पाचात साडेचार.

फाइंड-अ-पीएचडी. हे इंग्लंडच्या बाजूचं जास्त, दिसायला फार सुंदर, प्रोजेक्टचं नाव वाचूनच जीव लागतो. आणि धोका पण तिथेच आहे. प्रत्येक जाहिरातीला फंडिंगचं लेबल असतं आणि ते लेबल हीच खरी जाहिरात, बाकी सगळं सजावट. "कॉम्पिटिशन फंडेड, स्टुडंट्स वर्ल्डवाइड" म्हणजे तुम्ही अर्ज करू शकता पण पैसे मिळतीलच असं नाही, पुन्हा स्पर्धा. "फंडेड, स्टुडंट्स वर्ल्डवाइड" म्हणजे पैसे ठरलेले आणि आपल्यालाही खुले, हे शोधायचं. बाकी दोन लेबलं वर फाइलमध्ये भेटलीच. म्हणजे साईट काही लपवत नाही हो, लेबल देते, आपण वाचत नाही किंवा आपल्याला प्रिंट काढून देणारा ते वाचू देत नाही. इंग्लंडच्या सरकारी रिसर्च काउन्सिलच्या म्हणजे यूकेआरआयच्या स्टुडंटशिप 2021 पासून बाहेरच्यांना पण खुल्या झाल्यात, पण एका बॅचमध्ये साधारण 30 टक्केच बाहेरचे घेता येतात, त्यामुळे दरवाजा उघडा आहे पण अरुंद. त्यात काही ठिकाणी होम फी आणि इंटरनॅशनल फी मधला फरक युनिव्हर्सिटी माफ करते, काही ठिकाणी नाही, हे मेल करून लेखी विचारा. जॉब्ज डॉट एसी डॉट यूके वर पण त्याच जागा येतात, ती साईट साधी आहे आणि मला ती जास्त झेपली. फाइंड-अ-पीएचडीला साडेतीन, लेबल वाचणाऱ्याला चार.

जर्मनीला वेगळं पोर्टल असं एक नाही, डीएएडी ह्या स्कॉलरशिप देणाऱ्या जर्मन संस्थेची साईट आहे, तिच्यात पीएचडीच्या जागांचा डेटाबेस आणि स्कॉलरशिपचा डेटाबेस दोन्ही, आणि मॅक्स प्लँकवाल्यांच्या आयएमपीआरएस नावाच्या ग्रॅज्युएट स्कूल आहेत त्यांच्या जाहिराती वर्षातून ठरलेल्या वेळी येतात. जर्मन जाहिरातीत पगार युरोत लिहीत नाहीत, कोड लिहितात, "टीव्ही-एल ई13, 65 टक्के" असा. ई13 हा तिथला सरकारी पे-स्केल, आपल्या सातव्या वेतन आयोगाचा तक्ता असतो तसा त्याचा तक्ता ऑनलाइन मिळतो. आणि ते टक्के नीट बघा, फिजिक्समध्ये 50 पासून 75 पर्यंत दिसतात, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या बाजूला बऱ्याचदा पूर्ण 100. काम मात्र सगळीकडे शंभर टक्केच करायचं असतं, हे तिकडची पोरं पण हसून सांगतात. म्हणून मी भावाला म्हटलं, तुझं काम तेच आहे, कोडच लिहायचाय, मग कॉम्प्युटेशनलची जागा जर इंजिनिअरिंग फॅकल्टीत निघाली असेल तर ती आधी बघ. युलिशच्या रिसर्च सेंटरचं तर कॉम्प्युटेशनलवाल्याने बघायलाच पाहिजे, तिथे ज्युपिटर नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, युरोपातला पहिला एक्झास्केल, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं करणारा.

हॉलंड आणि स्वीडनचं थोडक्यात, कारण तिथे फार डोकं लावायचं काम नाही. हॉलंडच्या सगळ्या जागा अकॅडेमिक ट्रान्सफर नावाच्या एकाच साईटवर, पीएचडीवाला तिकडे नोकरदारच, चार वर्षं, पहिल्या वर्षानंतर कामाचा आढावा घेऊन पुढचं कॉन्ट्रॅक्ट, आणि पगाराचा आकडा जाहिरातीत युरोमध्ये लिहिलेला. स्वीडनला पण नोकरी, चार वर्षं आणि त्यात लॅब-ट्युटोरियल शिकवलं तर तेवढी मुदत वाढते, जाहिराती युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या साईटवर. तीन वर्षांचं बीएस्सी आणि दोन वर्षांचं एमएस्सी झालेला आपला पोरगा तिथल्या अटीत बसतो. आबांना हेच दोन देश जास्त पटले, "मंजे हाई नौकरीच शे ना" म्हणाले. बरोबर आहे आबा, नोकरीच आहे. दोन्हीला पाचात पाच द्यावेसे वाटतात पण जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून, म्हणून पावणेपाच.

पोर्टल्सच्या पलीकडे विषयाच्या गल्ल्या आहेत, तिथे कन्सल्टन्सीवाला फिरकतच नाही कारण त्याला पत्ताच माहीत नसतो. पार्टिकल फिजिक्स, ॲस्ट्रोपार्टिकल असेल तर इन्स्पायर-हेप ह्या साईटच्या जॉब्जमध्ये जा. डीएफटी, इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर असेल तर साय-के (Psi-k) ह्या नेटवर्कच्या साईटवर पीएचडी आणि पोस्टडॉकच्या जागा येत राहतात, त्या टाकणारे स्वतः ग्रुपवालेच असतात, मध्ये एचआर नाही. भावाला कामाच्या जागा दिसल्या त्या इथेच. जाहिरातीत ते काय मागतात ते चार-पाच जाहिराती शेजारी शेजारी ठेवून बघा, सगळीकडे तेच निघतं, लिनक्स, पायथन, सी प्लस प्लस नाहीतर फोरट्रान, गिट, आणि क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) एमपीआयने म्हणजे काम वाटून जॉब चालवल्याचा अनुभव. सीव्हीत हे सगळ्यात वर पाहिजे. आपल्याकडे सीव्हीत वर जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि "आय हियरबाय डिक्लेअर" असतं.

मेलबद्दल एक नमुना दाखवते. कन्सल्टन्सीने दुसऱ्या हप्त्यात जे विकणार होते त्याचं सॅम्पल दिलं होतं, सुरुवात अशी, "रिस्पेक्टेड सर, आय वॉज डीपली फॅसिनेटेड बाय युवर एस्टीम्ड रिसर्च". खाली रिसर्चच्या जागी एक मोकळी ओळ, तिथे विषय भरायचा. आणि ज्या प्रोफेसरांच्या नावाने सॅम्पल होतं त्या बाई आहेत! आता असा मेल रोज ढिगाने जात असेल तर कोण वाचणार, तुम्हीच सांगा. आम्ही ते फेकून दिलं आणि मी भावाला बसवलं, त्या ग्रुपचा आर्काइव्ह (arXiv) ह्या पेपरांच्या साईटवरचा शेवटचा पेपर काढ, फुकट आहे, 1991 पासून चालू आहे ती साईट, तो पेपर वाच आणि तुला त्यातलं काय कळलं आणि तू तसं काय करून बघितलंय तेवढंच आठ-दहा ओळीत लिही. त्याने लिहिलं की तुम्ही ज्या मटेरियलचा बँड गॅप काढलाय त्याच कुटुंबातल्या एका मटेरियलवर मी लॅपटॉपवर हिशेब केला, के-पॉइंट वाढवल्यावर उत्तर अमुक ठिकाणी स्थिर झालं, त्यापुढे रॅम पुरली नाही. इतकंच. त्याला उत्तर आलं. जागा नव्हती त्यांच्याकडे, पण दोन ओळींचं माणसाने लिहिलेलं उत्तर आलं आणि त्यात दुसऱ्या एका ग्रुपचं नाव होतं. पन्नास हजारांच्या पॅकेजमध्ये हे कुठल्या हप्त्यात बसवणार?

आता देशातलं, कारण परदेश परदेश करताना लोक हे विसरून राहिले. इथे पोर्टल नावाचा प्रकार फारसा चालत नाही, इथे परीक्षा हेच पोर्टल. सीएसआयआर नेट, पेपर 200 मार्कांचा, त्यातला पार्ट सी एकटाच 100 चा, जेआरएफ म्हणजे रिसर्चची फेलोशिप लागली तर 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि नंतर एसआरएफ म्हणून 42,000, वर घरभाडं. पैसा कोण देतो तर केंद्र सरकार, आणि तो पैसा तुमच्यासोबत चालतो, म्हणजे जेआरएफ घेऊन तुम्ही आपल्या जळगावच्या विद्यापीठात (कबचौउमवि) गाइड धरून पण राहू शकता आणि पुण्याला पण जाऊ शकता. हे स्वातंत्र्य युरोपातल्या प्रोजेक्टच्या जागेत नसतं, तिथे प्रोजेक्ट ठरलेला. जेस्ट ह्या सामायिक परीक्षेच्या स्कोअरवर आयुका, आयसर, चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची हरिश्चंद्र अशा रिसर्च संस्थांच्या इंटरव्ह्यूला बोलावतात. टीआयएफआरची आपली स्वतःची परीक्षा, गेट वेगळी. कॉम्प्युटेशनलवाल्याला मशीन नाही अशी पण तक्रार करायला नको, नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आयसर पुण्याला परम ब्रह्म नावाचा सुपरकॉम्प्युटर बसवलाय, सुरुवातीला तो 797 टेराफ्लॉपचा होता.

ह्या सगळ्यांच्या साईट मात्र, काय सांगू, एका संस्थेची जाहिरात पीडीएफमध्ये, ती पीडीएफ स्कॅन केलेली, तिच्यातून काही सर्च होत नाही, आणि प्रोजेक्ट जेआरएफची जागा "लेटेस्ट न्यूज"मध्ये सरकत्या पट्टीवर येते आणि आठ दिवसांत गायब. म्हणून दर सोमवारी सकाळी ठरलेल्या सात-आठ साईट स्वतः उघडून बघायच्या, दुसरा उपाय मला सापडला नाही. उत्तराची स्पष्टता पाचात पाच, साईटला पाचात दोन.

आणि एक ठिकाण जे आमच्या भागातल्या पोरांना कुणी सांगतच नाही, इटलीतलं त्रिएस्तेचं आयसीटीपी. अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये काढलेली संस्था, विकसनशील देशांतल्या फिजिक्सवाल्यांसाठीच. तिथे एक वर्षाचा पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा आहे, हाय एनर्जी, कंडेन्स्ड मॅटर, गणित, अर्थ सिस्टीम वगैरे विषयांत, फी नाही, उलट राहण्या-खाण्याला स्कॉलरशिप. पीएचडीच्या आधीची तयारी म्हणून आहे हा, ज्यांच्या कॉलेजात क्वांटम फील्ड थिअरीचा तास कधी झालाच नाही त्यांच्यासाठी. फाइलमधल्या त्या "पाथवे" एमएस्सीच्या शेजारी हे ठेवून बघा आणि हिशेब करा. कन्सल्टन्सीच्या फाइलमध्ये हे असणं शक्यच नव्हतं, का ते वर सांगितलंच.

अमेरिकेचं मी फार लिहीत नाही, तिकडे जागा शोधायची पद्धतच वेगळी, प्रोग्रामला अर्ज करायचा, टीए-आरए (शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदतनीस) म्हणून पगार आणि फी माफी, पण प्रत्येक अर्जाची फी डॉलरमध्ये, दहा ठिकाणी अर्ज केले तर चांगला लॅपटॉप येईल. ती फी खरी असते, फ्रॉड नाही. युरोपातल्या पगारी जागेला अर्ज करायला मात्र कुणी पैसे मागितले तर सरळ फोन कट करा. तसंच "इंटरनॅशनल जर्नलमध्ये आठ दिवसांत पेपर छापून देतो, प्रोफाइल स्ट्राँग होईल" हे पण ह्याच कन्सल्टन्सीच्या ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावर होतं, त्याचे वेगळे पैसे. असा पेपर इंटरव्ह्यूत समोरच्याने उघडला तर जी शोभा होईल ती कुठल्याही पॅकेजमध्ये झाकली जाणार नाही.

हप्त्याचं काय झालं तर दुसरा भरला नाही, पहिला परत मागितला, "प्रोसेसिंग झालंय" म्हणाले. आबा परत गेले, एसीत तासभर बसले, चहा घेतला, आणि अर्धे घेऊन आले. कसं केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

रेफरन्स लेटरचं एक राहिलं. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच डेडलाइन नोव्हेंबर ते जानेवारीत येतात आणि तेव्हाच आपल्याकडे दिवाळीची सुट्टी, परीक्षा, पेपर तपासणी असते, सर गावी गेलेले असतात. फॉर्ममध्ये सरांचा मेल आयडी टाकला की लेटर अपलोडची लिंक थेट त्यांना जाते, बऱ्याच ठिकाणी जीमेल चालत नाही, कॉलेजचा नाहीतर विद्यापीठाचा आयडी लागतो, आणि कितीतरी सरांनी तो आयडी नॅक व्हिजिटनंतर उघडलेलाच नसतो. म्हणून सप्टेंबरमध्येच जाऊन पासवर्ड आठवतो का ते विचारा, आणि लिंक स्पॅममध्ये जाते हे पण सांगून या.